पंढरीची तुळस : पानापासून माळेपर्यंत

पंढरपुराकडे निघालेला वारकरी ओळखण्यास खांद्यावरील पताका किंवा हातातील टाळ दिसलाच पाहिजे, असे नाही. गळ्यातील तुळशीची माळ तेवढी पुरेशी असते. ही माळ एकदा गळ्यात पडली की त्या व्यक्तीला लोक 'माळकरी' म्हणू लागतात. तिचा आहार बदलतो, मद्य-मांस वर्ज्य होते, एकादशीचा उपवास नियमाने घडू लागतो आणि वर्षातून निदान एकदा पंढरीची वारी करण्याचे बंधन ती स्वखुशीने स्वीकारते. एका लहानशा झुडपाच्या खोडापासून घडविलेल्या मण्यांनी माणसाच्या जीवनक्रमात एवढा पालट घडवावा, असे दुसरे उदाहरण शोधूनही सहज सापडणार नाही.

तुळशीच्या पानाची महती मराठी वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. वैद्यकापासून घरगुती काढ्यापर्यंत तिच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. खोडाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. पंढरपुरात पान, मंजिरी आणि खोड या तिन्हींना गिऱ्हाईक आहे. परंतु पानासाठी तुळस ज्या रीतीने वाढवावी लागते त्या रीतीने माळेचे लाकूड तयार होत नाही, आणि आज पंढरीच्या माळेपुढे जी अडचण उभी आहे तिचे एक मूळ येथेच आहे.

वनस्पतीचा परिचय

तुळस ही पुदिन्याच्या कुळातील वनस्पती होय. या कुळाची खूण म्हणजे चौकोनी कोवळी खोडे आणि समोरासमोर येणाऱ्या पानांच्या जोड्या. शेंड्याला जांभळट रंगाची बारीक फुले मजल्यामजल्यांनी लागतात. हीच मंजिरी. पानांवर व मंजिरीवर डोळ्यांना सहजी न दिसणाऱ्या तैलग्रंथी असतात. पान चुरगाळताच त्या फुटतात आणि सुगंध दरवळतो. खोडाच्या लाकडात या तेलाचा अंश अगदीच अल्प असतो. ही गोष्ट पुढे माळेच्या संदर्भात उपयोगी पडणार आहे.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये या वनस्पतीस 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' असे नाव दिले आणि पुढे १७६७ मध्ये त्यानेच 'ऑसिमम सँक्टम' हे नावही वापरले. दोन्ही नावे एकाच तुळशीची आहेत. आधीचे नाव ग्राह्य धरण्याच्या संकेतानुसार पहिले नाव आज शास्त्रीय ग्रंथांत अधिक आढळते, तरी औषधांच्या वेष्टनांवर दुसरे अद्याप टिकून आहे. हिरव्या पानांची ती राम तुळस आणि जांभळट काळ्या पानांची ती कृष्ण तुळस. 'भावप्रकाश' या ग्रंथाने पांढऱ्या व काळ्या तुळशीचे गुण सारखेच मानले आहेत.

तुळशीच्या नात्यातल्या वनस्पतींबाबत लोकांच्या मनात बराच गोंधळ आढळतो. उन्हाळ्यात सरबतात भिजवून घेतात तो सब्जा तुळशीचा भाऊबंद असला, तरी ती वेगळी जात आहे. कापूर तुळस मूळची पूर्व आफ्रिकेतील असून तिच्या पानांत खरोखरच कापूर असतो. माळरानावर व रस्त्याच्या कडेला माजणारी आणि पुष्कळ ठिकाणी 'रानतुळस' म्हणून ओळखली जाणारी एक वनस्पती तर तुळशीच्या प्रजातीतलीही नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून येथे येऊन रुजलेले ते एक तण आहे. उग्र वास आला म्हणजे ती तुळसच, असा समज करून काढ्यासाठी असा पाला तोडू नये.

घरातील तुळस

मराठी भाषेत तुळस किती खोल रुजली आहे, हे शब्दांवरूनच कळते. उत्तरेत 'वृंदावन' म्हटले की गाव डोळ्यांपुढे येते, तर मराठी घरात वृंदावन म्हणजे अंगणातील तुळशीचा चौथरा. त्याच नावाचे कडू फळही आहे, हा भाषेचा एक खट्याळपणा म्हणावयाचा. एखाद्या वस्तूवरील हक्क कायमचा सोडून देणे म्हणजे तिच्यावर तुळशीपत्र ठेवणे, आणि दुष्टांच्या घराण्यात सज्जन निपजला तर ती भांगेतील तुळस. दानाच्या वेळी वस्तूवर तुळशीपत्र ठेवून ती देण्याच्या प्रथेतून पहिला प्रयोग आला. सत्यभामेने श्रीकृष्णाची तुला करताना घातलेले सारे दागिने हलके ठरले आणि रुक्मिणीने ठेवलेल्या एका तुळशीपत्राने पारडे झुकले, ही कथा तर पंढरपुरात विशेष प्रेमाने सांगितली जाते. रुक्मिणीचेच ते गाव.

नैवेद्यावर तुळशीचे पान ठेवल्यावाचून तो देवापुढे जात नाही. तीर्थात तुळस असते, ग्रहणकाळी साठवणीच्या अन्नपाण्यात तुळशीची पाने टाकतात आणि माणसाच्या अखेरच्या क्षणी त्याच्या मुखात गंगाजलासह तुळशीपत्र ठेवले जाते. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लागते व त्यानंतरच घरच्या मुलामुलींच्या लग्नाची बोलणी मार्गी लागतात. द्वादशीस व सूर्यास्तानंतर तुळस तोडू नये, असा संकेत आहे. मात्र तुळशीपत्र शिळे होत नाही, अशी सोयही शास्त्राने ठेवलेली असल्याने आदल्या दिवशी तोडलेली पाने पूजेस चालतात.

आयुर्वेदात तुळशीचे जुने नाव 'सुरसा' असे आहे. सुश्रुताने औषधी वनस्पतींचे जे गट पाडले त्यांपैकी एका गटास 'सुरसादि' असे नावच दिले आहे. खोकला, दमा, उचकी आणि बरगडीतील दुखणे यांवर ती वापरावी, असे प्राचीन ग्रंथ सांगतात. घरोघरी आजही सर्दी-पडशावर तुळस, आले, गवती चहा आणि मिरी यांचा काढा होतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने जो 'आयुष क्वाथ' सुचविला त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग आणि काळी मिरी १ भाग असे प्रमाण होते. आजीच्या काढ्याहून ते फारसे निराळे नव्हते.

तुळशीच्या तेलातील प्रमुख घटकांपैकी एक म्हणजे युजेनॉल. लवंगेच्या तेलातही मुख्य अंश त्याचाच असतो आणि दंतवैद्य ते दाताच्या उपचारात वापरतात. या द्रव्यात जंतूंची वाढ रोखण्याचा गुण आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने युजेनॉलचे प्रमाण अधिक असलेला 'सिम-आयु' हा वाण आणि जांभळट पानांचा 'सिम-अंगना' हा वाण विकसित केला आहे. २०१५ मध्ये लखनौ व बंगळूर येथील शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी तुळशीच्या संपूर्ण जनुकीय रचनेचा आराखडाही प्रसिद्ध केला.

मुंबईशी संबंधित एक जुनी नोंद येथे सांगण्यासारखी आहे. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानाच्या, म्हणजे आजच्या वीर जिजामाता उद्यानाच्या उभारणीच्या वेळी मजुरांना डासांचा व तापाचा फार उपद्रव होई. तेव्हा हिंदी व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून हद्दीभोवती तुळस लावली आणि उपद्रव शमला, असे सर जॉर्ज बर्डवूड यांनी १९०३ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' पत्रास लिहिले होते. ही एका जाणत्या माणसाची आठवण आहे, प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे. म्हणून अंगणात तुळस आहे, आता साचलेल्या पाण्याकडे पाहण्याचे कारण नाही, असा अर्थ कोणी काढू नये. तुळस रात्रीदेखील प्राणवायू सोडते किंवा ओझोन निर्माण करते, या समजुतीलाही आधार नाही. इतर बहुतेक वनस्पतींप्रमाणे रात्री तिचेही केवळ श्वसन चालते. तुळशीचे जे खरे गुण आहेत ते थोडके नाहीत आणि त्यांना अशा टेकूची गरज नाही. गर्भवती स्त्रियांनी व रक्त पातळ राहण्याची औषधे घेणाऱ्यांनी तुळशीचा अर्क किंवा गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत, एवढे पथ्य मात्र पाळावे.

देवाच्या गळ्यात, भक्ताच्या गळ्यात

विठ्ठलाच्या पूजेत तुळशीला जे स्थान आहे ते फुलांना नाही. देवाच्या गळ्यात तुळशीचा हार असतो आणि पायांवर तुळस व मंजिरी वाहिली जाते. दर्शनास निघालेला गरिबातला गरीब भाविकही नामदेव पायरीच्या आसपास किंवा प्रदक्षिणा मार्गावर मूठभर तुळस विकत घेतल्यावाचून पुढे जात नाही. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार यात्रांत ही मागणी अनेक पटींनी वाढते, परंतु उरलेल्या दिवसांतही ती थांबत नाही. परिसरातील गावांतून सकाळी तुळशीचे भारे येतात आणि हार गुंफणाऱ्या स्त्रियांच्या हातून ते मंदिराच्या वाटेला लागतात. पालखी सोहळ्यात डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या स्त्रिया तर आषाढी वारीचे सर्वांत परिचित चित्र आहेत. वन विभागाने यमाई तलावाच्या परिसरात 'तुळशी वृंदावन' हे उद्यान उभारले असून २०१९ पासून ते लोकांसाठी खुले झाले आहे. तेथे तुळशीचे निरनिराळे प्रकार एकत्र पाहावयास मिळतात.

हार एका दिवसाचा असतो. माळ ही पुष्कळदा जन्माची सोबत असते. ती बाजारातून आणून तशीच गळ्यात अडकवीत नाहीत. विठ्ठलाच्या चरणी लावून किंवा ज्ञानेश्वरीवर ठेवून ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून ती घालून घेण्याची पद्धत आहे. माळ तुटली तर नवी घालीपर्यंत अन्न न घेणारे माळकरी आजही आहेत. अशा माणसाच्या दृष्टीने मणी खरोखर तुळशीचाच आहे की नाही, हा केवळ मालाच्या प्रतीचा प्रश्न राहत नाही. त्याचा नेम त्या मण्यावर उभा असतो.

पंढरपुरात या माळा घडविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या काशीकापडी समाज करीत आला आहे. महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत या समाजाचा समावेश आहे. एकेकाळी भटकंती करणारे हे लोक पंढरीत स्थिरावले ते या कारागिरीच्या आधारावर. काम घरातच चालते आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. तुळशीची जून झालेली खोडे आणून साल काढतात, ती सुकवितात आणि त्यांचे मण्याच्या मापाचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा हाताने घासून गोलावर आणावा लागतो व त्यास आरपार भोक पाडावे लागते. खोडाच्या मध्यभागी मऊ गाभा असल्याने भोक पाडणे त्या मानाने सोपे जाते, पण हात जरा चुकला तर तुकडा उभा चिरतो. जपमाळेस १०८ मणी आणि वर मेरुमणी लागतो, तर गळ्यातील माळ एकेरी, दुहेरी अशी आवडीप्रमाणे ओवतात. तुळशीचे खोड बुंध्याजवळही बोटाएवढेच जाड होत असल्याने मोठे मणी थोडेच निघतात. बारीक मण्यांची माळ म्हणजे शेकडो वेळा तेच श्रम.

या हस्तव्यवसायावर दोन बाजूंनी ताण आला आहे. एक तर मथुरा-वृंदावनाकडून यंत्रावर कातलेल्या माळा मोठ्या प्रमाणावर येतात. त्या स्वस्त व दिसावयास घोटीव असतात, परंतु 'तुळशीच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा माळांत दुसऱ्याच हलक्या लाकडाचे मणी असण्याचा संभव असतो. प्लास्टिकचे मणीही बाजारात आहेत. दुसरा ताण कच्च्या मालाचा. चांगले जून खोड पुरेसे मिळत नाही. त्यातच मार्च २०२० मध्ये साथीमुळे मंदिर बंद झाले आणि त्या वर्षीच्या आषाढीस संतांच्या पादुका राज्य परिवहनाच्या बसमधून पंढरपुरात आणाव्या लागल्या. ज्या हातांची वर्षाची कमाई यात्रेच्या गर्दीवर अवलंबून, त्यांना ते वर्ष कसे गेले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

खरी माळ ओळखावयाची कशी, हा प्रश्न भाविक नेहमी विचारतात. अनेकजण मणी नाकाशी नेऊन वास घेतात. परंतु तुळशीचा सुगंध पानांत असतो, लाकडात तो नसल्यासारखाच. त्यामुळे एखादी माळ घमघमत असेल तर तिला अत्तर वा तेल लावले आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. हातचा मणी फिकट पिवळसर ते तपकिरी, वजनाने हलका आणि शेजारच्या मण्याशी किंचित विसंगत असतो. सर्व मणी तंतोतंत एकाच मापाचे, जड आणि चकचकीत असतील तर शंका घेण्यास जागा आहे. या खुणाही निर्णायक नव्हेत. शक्य असेल तेव्हा घडविणाऱ्याच्या घरून माळ घ्यावी, हा मार्ग सर्वांत बिनधोक.

शेतातील प्रश्न

आता पुन्हा शेताकडे वळावयास हवे. तुळशीची व्यापारी लागवड सांगणारी पुस्तके पान व तेल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. हेक्टरी सुमारे ३०० ग्रॅम बियाण्याची रोपे पुरतात. बी फार बारीक असल्याने ते वाळूत किंवा राखेत मिसळून गादीवाफ्यावर पेरतात व सुमारे ६ आठवड्यांनी रोपांची लावणी करतात. पहिली कापणी साधारण ९० दिवसांनी, पीक ऐन फुलोऱ्यात असताना, जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंची राखून करतात आणि पुढे दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने पुन्हा कापण्या होतात. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या टापूत कमी पाण्यावर येणारे हे पीक सोयीचे आहे. काळ्या भारी जमिनीत पाणी साचू देता कामा नये, एवढी काळजी घ्यावी लागते.

अशा रीतीने वारंवार कापलेल्या तुळशीत लाकूड धरावयास अवधीच मिळत नाही. ९० दिवसांचे खोड हिरवे व लवचीक असते. त्याचा मणी होत नाही. माळेसाठी झाड दोन-तीन वर्षे उभे राहावे लागते. हारांसाठी तुळस पिकविणाऱ्यांची पद्धत या दोहोंच्या मधली आहे. ते झाड न कापता शेंडे व मंजिऱ्या खुडतात. मंजिरी खुडली म्हणजे झाडाची शक्ती बी धरण्यात खर्ची पडत नाही, ते फुटवे धरते आणि अधिक काळ टिकते. देवाला मंजिरी वाहण्याच्या चालीने तुळशीचे आयुष्य वाढते, ही या वनस्पतीच्या बाबतीतील एक मौजेची गोष्ट होय. अशा मळ्यांतील जुनी झाडे उपटली जातात तेव्हा त्यांचे बुंधे हाच माळेचा खरा कच्चा माल असतो. तो बांधावर टाकून जाळला तर त्याची राख होते. सालीसकट सावलीत वाळवून कारागिरापर्यंत पोहोचला तर त्याचे चार पैसे शेतकऱ्यास आणि काम कारागिरास मिळते.

म्हणून पंढरपूर परिसरात तुळस लावणाऱ्या शेतकऱ्याने सारी लागवड तेलाच्या वा पाल्याच्या हिशेबाने करू नये, असे सुचवावेसे वाटते. बांधाच्या कडेने किंवा पाटालगत एखाददुसरी ओळ केवळ खोडासाठी राखून ठेवण्यास वेगळी जमीन लागत नाही. या ओळीतील झाडांची खालची उपशाखा काढून एकच मुख्य खोड सरळ वाढू दिले, तर मणी अधिक आणि चिरटे कमी निघतील. मंजिऱ्या खुडून विकता येतातच.

फवारणीचा मुद्दा मात्र सर्वच तुळस उत्पादकांनी गंभीरपणे घेण्यासारखा आहे. पाने गुंडाळणारी अळी आणि जाळीदार पंखांचा एक बारीक कीटक तुळशीवर पडतो व पाने आकसतात. हारासाठी टवटवीत माल हवा म्हणून त्यावर विषारी औषध फवारण्याचा मोह होतो. परंतु हीच पाने तीर्थातून, प्रसादातून भाविकांच्या पोटात न शिजवता जातात. भाजी निदान धुऊन शिजविली जाते, तुळशीपत्र तसेच जिभेवर ठेवले जाते. रोगट शेंडे खुडून नष्ट करणे, दाट लावणी टाळणे आणि गरज पडल्यास निंबोळी अर्क वापरणे, एवढ्यावर भागविणे इष्ट. फवारणी केल्यानंतर काही दिवस तोडणी बंद ठेवणे तर आवश्यकच आहे.

घरच्या वृंदावनातील तुळस वाळली की ती नदीत सोडण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. चंद्रभागेच्या पात्रात अगोदरच निर्माल्याची भर असते. तुळशीची पाने व कोवळ्या काड्या कुंडीतल्या मातीत मिसळल्या तर त्यांचे उत्तम खत होते, आणि बी त्याच कुंडीत विखुरले तर पहिल्या पावसानंतर नवी रोपे उगवतात. वृंदावनात दोन-तीन वर्षे वाढलेल्या तुळशीचा बुंधा करंगळीएवढा तरी असतोच. तो वाळवून ठेवावा आणि पुढील वारीस जाणाऱ्या कोणाबरोबर पंढरपुरातील माळ घडविणाऱ्याकडे पाठवावा. तेवढ्या लाकडात एखाद्या माळेचे काही मणी सहज निघतात.